गोल्डस्मिथ्स हॉलमधला दंड : इंग्लंडच्या यादवीतील राजपक्षीयांची पार्श्वभूमी

इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिल्याने २२ ऑगस्ट १६४२ रोजी नॉटिंगहॅमला पार्लमेंटविरुद्ध युद्धाचं निशाण उभारलं, तेव्हा त्याच्यामागे गेलेल्या जमीनदारांना, म्हणजे राजपक्षीयांना, हे प्रकरण लवकर मिटेल असंच वाटत होतं. मार्च १६४३ मध्ये पार्लमेंटने जप्तीचा वटहुकूम काढला. राजपक्षीयाच्या जमिनीचा खंड कुळांनी परगण्याच्या समितीकडे भरायचा. बायकामुलांच्या पोटासाठी फार तर एक पंचमांश.

जप्ती उठवायला लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमधल्या समितीकडे अर्ज करावा लागे. पार्लमेंटशी निष्ठेची शपथ, मालमत्तेची सही केलेली यादी, कर्ज आणि गहाणखतांचा तपशील, मग दंड. जमिनीची किंमत वीस वर्षांच्या खंडाइतकी धरत. वर्षाला ३०० पौंड खंड असेल तर किंमत ६,००० पौंड. १६४६ मध्ये राजाचं ठाणं असलेलं ऑक्सफर्ड शरण आलं, त्या शरणागतीच्या अटींत बसणाऱ्याला दंड एक दशांश, म्हणजे ६०० पौंड. एक षष्ठांश लागला तर १,०००. एक तृतीयांश म्हणजे २,०००. निम्मी रक्कम लगेच, उरलेली मुदतीत.

घोडं अडायचं ते रोख पैशापाशी. कायद्याने व्याजाची कमाल मर्यादा आठ टक्के होती. हजार पौंड कर्जाने उचलले तर वर्षाला ८० पौंड व्याजातच जात, म्हणजे खंडाचा चौथा हिस्सा संपला. म्हणून काही जण यादीत जमीन कमी दाखवत. चुगलखोराला बक्षीस असल्याने ते फारसं लपत नसे, आणि लपवलेला तुकडा पुन्हा जप्त होई. शहाणे लोक एखादं शेत विकून मोकळे होत. पुढे नेमकं हेच अंगाशी आलं.

पार्लमेंटच्या १६५१-५२ च्या तीन कायद्यांनी सातशेहून अधिक राजपक्षीयांच्या जमिनी थेट विक्रीला काढल्या. १६५५ मध्ये पेनरडक या राजपक्षीयाचं बंड फसल्यावर तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेलने जुन्या राजपक्षीयांवर उत्पन्नाचा दहावा हिस्सा कर लादला.

१६६० मध्ये पहिल्या चार्ल्सचा मुलगा चार्ल्स दुसरा राजा म्हणून परतला. सरकारने जप्त करून विकलेल्या जमिनी परत मागता आल्या, पण दंड भरायला मालकाने स्वतः विकलेली जमीन कायद्याच्या नजरेत खुशीची विक्री ठरली. गेली ती गेलीच. राजाचीही तिजोरी रिकामी होती. हुंड्यात मिळालेली मुंबई त्याने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. गरजू राजनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी १६६२ मध्ये ६०,००० पौंड मंजूर झाले खरे. दावेदार निघाले पाच हजारांवर, म्हणजे माणशी सरासरी बारा पौंडांच्या आत.