नाताळ : देहधारणाचा सण

नाताळ हा ख्रिस्ती धर्मातील येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण. बहुतेक ख्रिस्ती पंथ तो २५ डिसेंबरला पाळतात. ‘नाताळ’ हा शब्द मराठी-कोकणीत पोर्तुगिजांकडून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जन्मवाचक शब्द आहे. जयंतीला आपण एखाद्या थोर माणसाच्या पुढच्या कर्तृत्वाला वंदन करतो. नाताळात वंदन होते ते जन्माच्या घटनेलाच. सृष्टीच्या आधीपासून असलेला देवाचा पुत्र या जन्माने खराखुरा माणूस झाला, अशी ख्रिस्ती मंडळीची श्रद्धा आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत याला ‘देहधारण’ म्हणतात. नाताळाचा आध्यात्मिक अर्थ या एका शब्दात आहे; तारा, गोठा, मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली भाकर-द्राक्षारसाची उपासना) हे सगळे त्याच्याभोवती उभे राहिले.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि लूक या दोघांनीच जन्मकथा सांगितली आहे. मार्क ती सांगतच नाही, त्याचा येशू थेट बाप्तिस्म्यासाठी नदीवर येतो. योहान मात्र काळाच्याही पलीकडे जातो. आरंभी शब्द होता, शब्द देवासह होता (हा शब्द म्हणजे देवाचा पुत्र), असे सुरू करून तो ‘शब्द देही झाला’ या वाक्याशी येतो आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, असे पुढे म्हणतो. ‘वस्ती केली’साठी मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘तंबू ठोकला’ असा होतो. इस्राएल लोक रानावनातून चालत असताना देवाचे सान्निध्य एका तंबूत, निवासमंडपात, त्यांच्याबरोबर मुक्कामामुक्कामाने चालत असे, ही जुन्या करारातली आठवण योहानाच्या मनात आहे. आता तो मंडप म्हणजे एका माणसाचा देह आहे, असे त्याला सांगायचे आहे. मत्तयाने वापरलेले ‘इम्मानुएल’ हे नाव हेच सांगते. त्याचा अर्थ ‘आम्हांबरोबर देव’.

गव्हाण

लूकची कथा अगदी थोडक्यात आहे. मरियेने आपल्या प्रथमपुत्राला जन्म दिला, त्याला बाळंत्याने गुंडाळले आणि गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. मराठी बायबलमधला ‘बाळंते’ हा शब्द इथे फार नेमका बसतो. विश्वाचा निर्माता म्हणून ज्याची उपासना होते तो आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळण्याइतका लहान झाला, हे त्या शब्दाने मराठी वाचकाला न सांगता कळते. ‘उतारशाळा’ या शब्दाबद्दल मात्र थोडे थांबायला हवे. लूकने वापरलेला ग्रीक शब्द घरातल्या पाहुण्यांच्या खोलीलाही लावतात. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही त्याने तोच वापरला आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातल्या धर्मशाळेसाठी त्याने वेगळा शब्द योजला आहे. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की हे कुटुंब नातेवाइकांच्या घरी उतरले असावे, वरची खोली भरलेली असल्याने त्यांना खाली, गुरे बांधतात त्या भागात जागा मिळाली असावी. पॅलेस्टाइनमधल्या जुन्या घरांत माणसे आणि जनावरे एका छपराखाली राहत. घरालाच लागून गोठा असलेली आपल्याकडची घरे ज्याने पाहिली आहेत त्याला हे चित्र परके वाटणार नाही. दोन्ही अर्थ घेतले तरी गव्हाण तशीच राहते.

आणि गव्हाण म्हणजे खाण्याची जागा. ‘बेथलेहेम’ या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. या दोन गोष्टी जोडून आरंभीच्या धर्मपित्यांनी, म्हणजे चर्चच्या आचार्यांनी, सांगितले की जो पुढे स्वतःला ‘जीवनाची भाकर’ म्हणणार होता तो भाकरीच्या गावी, चाऱ्याच्या जागी निजवला गेला. पोप पहिले ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस नाताळाच्या प्रवचनात हाच धागा धरला होता. नाताळाच्या मिस्सेत भाविक ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली भाकर, स्वीकारतात तेव्हा ही गव्हाण त्यांच्यासमोर असते. गोठ्याच्या देखाव्यातले बैल आणि गाढव शुभवर्तमानात कुठेच नाहीत. ते आले यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून : बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते, माझे लोक मात्र ओळखत नाहीत. म्हणजे ती दोन जनावरे पाहणाऱ्याला एक प्रश्न विचारत उभी आहेत.

पूर्वेकडील चर्चच्या मूर्तिचित्रांत गव्हाण दगडी शवपेटीसारखी आणि बाळंते कफनासारखे रंगवतात. पाहणाऱ्याला ते आधी खटकते, पण अर्थ स्पष्ट आहे. हा जन्म मरणासाठी आहे, गव्हाणीची वाट क्रुसाकडे जाते. पूर्वेकडून बाळाच्या दर्शनाला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी, लोकांनी आणलेल्या भेटींतही हे सूचित आहे. सोने राजासाठी, ऊद देवासाठी, आणि गंधरस पुरायच्या देहासाठी, असा अर्थ दुसऱ्या शतकातल्या इरेनियसपासून सांगितला जातो. (मागी लोक तीन होते असे मत्तय म्हणत नाही, भेटी तीन म्हणून माणसेही तीन झाली.)

देव माणूस का झाला?

येशूच्या जन्माची शुभवर्तमाने लिहिली जाण्याच्या आधीचे मानले जाणारे एक स्तोत्र बायबलमध्ये, प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात आहे. ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने ते धरून ठेवले नाही, दासाचे स्वरूप घेऊन ‘स्वतःला रिक्त केले’, असे ते म्हणते. या रिक्त होण्याचा अर्थ लावण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राची पहिली काही शतके गेली. पुत्र ही देवाची पहिली, पण निर्माण केलेली कृती आहे, असे अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने ते नाकारले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. ४३१ मध्ये इफिसस येथे मरियेला ‘देवजननी’ म्हणण्यास मान्यता मिळाली. हा जितका मरियेचा सन्मान तितकाच तिच्या उदरातला कोण होता याचा निर्वाळा. ४५१ मध्ये काल्सिडनच्या परिषदेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव असून ही दोन स्वरूपे एकमेकांत मिसळत नाहीत आणि विभक्तही होत नाहीत, असे सांगितले. कॉप्टिक, सिरियाक, आर्मेनियन चर्चनी ही शब्दयोजना स्वीकारली नाही, तरी देहधारणाचे सत्य तेही तितक्याच ठामपणे मानतात.

हे वाद शब्दच्छल वाटू शकतात. पण त्यांच्या तळाशी एक साधा आणि कळकळीचा विचार होता, आणि तो चौथ्या शतकातल्या नाझियांझसच्या ग्रेगरीने सर्वांत स्वच्छ मांडला : ख्रिस्ताने जे धारण केले नाही ते बरे झाले नाही. माणसाची बुद्धी, भूक, झोप, भीती, अश्रू यांतले काही त्याने वगळले असते, तर तेवढे देवाच्या स्पर्शाबाहेर राहिले असते. त्याच शतकातल्या अथनेसियसच्या मते देव माणूस झाला तो माणसाने देवाच्या जीवनात सहभागी व्हावे म्हणून. पूर्वेकडील चर्चच्या साधनेचा पाया आजही हा विचार आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मशास्त्रज्ञाने पापाच्या ऋणाची भाषा वापरली : ऋण माणसाचे आहे, ते फेडायचे सामर्थ्य मात्र देवाचेच, म्हणून फेडणारा देवही हवा आणि माणूसही. डन्स स्कॉटस या फ्रान्सिस्कन विचारवंताचे म्हणणे याहून वेगळे. माणसाने पाप केले नसते तरी देव देह धारण करून आलाच असता, कारण ते त्याच्या प्रेमाचे मूळचेच योजन होते. या उत्तराला चर्चची अधिकृत शिकवण होण्याचे भाग्य लाभले नाही, पण नाताळाच्या आनंदाशी ते सगळ्यांत जवळचे आहे.

मराठी वाचकाला इथे ‘अवतार’ हा शब्द आठवणे स्वाभाविक आहे. दोन्ही कल्पनांत देव खाली उतरतो, हे साम्य खरे. पण ख्रिस्ती श्रद्धेत देहधारण एकदाच होते, युगानुयुगे पुन्हा पुन्हा नाही. रोमन सम्राट कैसर औगुस्ताच्या राज्यात, यहूदियातल्या एका गावात, म्हणजे नकाशावर आणि इतिहासात बोट ठेवता येईल अशा ठिकाणी ते होते. येणारा दुर्जनांचा संहार करत नाही. त्यांच्या हातून मारला जातो. आणि घेतलेला देह तो कार्य संपल्यावर टाकून देत नाही, पुनरुत्थानानंतरही तो त्याचाच राहतो. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनात ‘देहधारण’ हा वेगळा शब्द रुळला.

रोमची सुवार्ता आणि मेंढपाळांची सुवार्ता

लूक जन्माच्या प्रसंगाची सुरुवात औगुस्ताच्या नावनिशीच्या (जनगणनेच्या) हुकुमाने करतो, ते उगाच नाही. आशिया मायनरमधल्या प्रिएने येथे सापडलेल्या इ. स. पू. ९ च्या शिलालेखात औगुस्ताचा जन्मदिवस जगासाठी ‘सुवार्तां’चा आरंभ म्हटला आहे आणि त्याला तारणारा म्हणून गौरवले आहे. तेच शब्द लूकने देवदूताच्या तोंडी घातले, आणि ते ऐकवले रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना : आज तुमच्यासाठी तारणारा जन्मला आहे. खूण काय, तर गव्हाणीतले एक बाळ. रोमची शांती फौजांनी आणली होती. ही शांती कोणाकडून काही हिसकावत नाही. याच्या थोडे आधी मरियेचे गीत येते. त्यात देव सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढतो, भुकेल्यांना तृप्त करतो आणि श्रीमंतांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. मत्तयाच्या कथेत तर हेरोद राजा बेथलेहेममधली लहान मुले मारतो आणि हे कुटुंब मिसर देशात निर्वासित होते. नाताळाला निव्वळ गोडधोडाचा सण करणाऱ्याने चर्चचे पंचांग उघडून पाहावे. २६ डिसेंबरला पहिला हुतात्मा स्तेफन, २८ डिसेंबरला बेथलेहेमची ती निष्पाप बालके. आनंदाच्या आठवड्यातच रक्ताच्या या आठवणी ठेवल्या आहेत.

तिथी आणि उपासना

जन्माची तारीख बायबलमध्ये नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी निश्चित नोंद रोममधल्या ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते आणि तिच्यातला मजकूर ३३६ च्या सुमाराचा समजतात. हा दिवस रोमन सूर्योत्सवावरून घेतला, असे एक मत आहे. दुसरे मत असे की २५ मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून त्यापुढे नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च अजून ६ जानेवारीलाच जन्म आणि प्रकटीकरण (येशू जगाला प्रकट झाल्याचा सण) एकत्र साजरे करते. जुने जूलियन पंचांग पाळणाऱ्या चर्चचा २५ डिसेंबर सध्या ७ जानेवारीला येतो. इंग्लंडमधल्या प्युरिटन या कडव्या सुधारणावाद्यांनी बायबलमध्ये आधार नाही म्हणून सणच नाकारला. १६४७ मध्ये तिथल्या पार्लमेंटने तो रद्द केला होता.

सणाच्या आधी चार रविवारांचा आगमनकाळ असतो. वस्त्रे जांभळी, तिसऱ्या रविवारी गुलाबी. ही वाट पाहण्याची साधना आहे, आणि बाराव्या शतकातल्या क्लेरव्होच्या बर्नार्डने तिचा अर्थ उलगडला आहे. ख्रिस्ताचे येणे तीन प्रकारचे : देहात आला तो पहिला, गौरवाने येईल तो शेवटचा, आणि या दोहोंमध्ये माणसाच्या अंतःकरणात गुप्तपणे येतो तो तिसरा. नाताळाच्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये तीन मिस्सा होतात, मध्यरात्री, पहाटे आणि दिवसा. परंपरेने त्यांतही तीन जन्म पाहिले : पित्यापासून अनादी, मरियेपासून काळात, आणि भक्ताच्या आत्म्यात. मिस्सेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या अंगीकारात ‘मानव झाला’ या शब्दांशी एरवी मान लववतात. या दिवशी मात्र सगळे चर्च गुडघे टेकते. भरल्या चर्चमध्ये शेकडो गुडघे एकदम बाकांच्या पायफळ्यांवर टेकतात आणि क्षणभर सगळे स्तब्ध होते. नाताळाचा अर्थ मला याहून नेमका दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

गोठ्याचा देखावा लोकप्रिय झाला तो असिसीच्या संत फ्रान्सिसमुळे. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी पेंढा भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणवले आणि गव्हाणीशी मिस्सा करवली. देवाचे दारिद्र्य लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा हेतू. खुद्द बेथलेहेममध्ये, सम्राट जस्टिनियनच्या काळात सहाव्या शतकात पुन्हा बांधलेल्या जन्ममंदिराचे दार जेमतेम चार फूट उंच आहे. आत जाणाऱ्याला वाकावेच लागते. खाली गुहेच्या फरशीत चौदा कोनांचा चांदीचा तारा बसवला आहे आणि येशू ख्रिस्त कुमारी मरियेपासून इथे जन्मला, असे त्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे. त्या ओळीतला पहिलाच शब्द ‘इथे’ हा आहे.

मराठी मातीत

जन्मकथा मराठीत आली ती ओवीतून. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी पुराणाचाच घाट निवडला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-भजनांच्या चालीत आणली, त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. गोव्यात आणि वसईत आगमनकाळात घरोघरी गोठे उभे राहतात. कित्येक घरी वाटीत गहू किंवा नाचणी पेरतात, म्हणजे नाताळापर्यंत हिरवी कोवळी रोपे गोठ्याच्या अंगणात मांडता येतात. मरिया, योसेफ, मेंढपाळ आधीच येऊन बसलेले असतात. गव्हाण मात्र मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. काही घरांत मुले प्रत्येक चांगल्या कृत्यासाठी तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकतात, बाळाला मऊ लागावे म्हणून.

जन्मानंतर चाळीस दिवसांनी, २ फेब्रुवारीला, बाळाच्या मंदिरातील समर्पणाचा सण येतो आणि त्या दिवशी मेणबत्त्या आशीर्वादित करतात. लूकच्या कथेत मंदिरातला वृद्ध शिमोन बाळाला हातात घेऊन त्याला राष्ट्रांसाठी प्रकाश म्हणतो. मग मरियेकडे वळून तो सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल.