अडथळा चुकवणं वेगळं, विमान चुकवणं वेगळं

ड्रोनच्या खोक्यावर ‘टक्कर टाळणारी यंत्रणा’ असं छापलेलं असलं, की तो झाडापासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळं चुकवेल असं अनेकजण धरून चालतात. हा समज खरंच धोक्याचा आहे. तिथे बहुतेक वेळा फक्त अडथळे ओळखण्याची सोय असते.

झाड, भिंत, खांब ओळखायला सहसा दोन कॅमेऱ्यांची जोडी वापरतात. एकच बिंदू दोन्ही चित्रांत किती सरकलेला दिसतो, त्यावरून अंतर निघतं. कोऱ्या भिंतीवर किंवा काचेवर जुळवायला बिंदूच सापडत नाहीत. आडवी तार तर फारच फसवी: कॅमेरे शेजारी-शेजारी असतील, तर तारेचा प्रत्येक तुकडा दुसऱ्यासारखाच दिसतो, मग कुठला कशाशी जुळवायचा? तारांजवळ या यंत्रणेच्या भरवशावर राहू नका. एरवी ती चांगली साथ देते, कारण अडथळा जागचा हलत नाही. दिसला की थांबायचं, बाजूने वाट काढायची.

समोरून विमान येत असेल तर थांबून काय उपयोग? ते येतच राहणार. ड्रोनचा वेग सेकंदाला १५ मीटर आणि हेलिकॉप्टरचा ६० धरा. ४० मीटरवर ते दिसलं, तर हातात जेमतेम अर्धा सेकंद उरतो. त्यात दोघांचा वेग आणि दिशा कायम असेल, तर टकरीच्या मार्गावरचं विमान चित्रात सरकतच नाही. एका जागी ठिपका दिसत राहतो आणि अगदी शेवटी झपाट्याने मोठा होतो. हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या नजरेतून नेमकं हेच निसटतं.

म्हणून विमान चुकवणाऱ्या यंत्रणेला काही किलोमीटर आधी सुगावा लागावा लागतो, रडारने किंवा विमानं स्वतःचं ठिकाण रेडिओवरून कळवतात त्या एडीएस-बी संदेशांतून. शिवाय दोघांनीही वर किंवा दोघांनीही खाली जाऊन चालत नाही. २००२ मध्ये जर्मनीतल्या यूबरलिंगेनच्या आकाशात एका विमानाने टीकॅसचा, म्हणजे विमानातल्याच टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचा, ‘वर जा’ हा इशारा सोडून जमिनीवरच्या हवाई नियंत्रकाचं ‘खाली या’ ऐकलं. दुसरं विमान टीकॅसच्याच सांगण्यावरून खाली येत होतं. ७१ माणसं गेली. मोठ्या मानवरहित विमानांसाठीची एकॅस एक्सयू प्रणाली वर-खाली आणि डावी-उजवीकडे, दोन्ही प्रकारची सुटका सुचवते.

छोट्या ड्रोनमध्ये एडीएस-बी असलाच, तर तो बहुधा नुसता ऐकणारा असतो. पडद्यावर इशारा येतो, ड्रोन खाली आणायचं काम उडवणाऱ्याचंच. आणि ज्या ग्लायडरवर एडीएस-बी संदेश पाठवणारं यंत्र नाही, त्याच्याबद्दल पडद्यावर काहीच उमटत नाही.