तंबोऱ्याचे मणी

तंबोऱ्याच्या तारा बारकाईने सुरात आणण्यासाठी घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारा अडकवायची खालची पट्टी यांच्यामध्ये प्रत्येक तारेत ओवलेला सरकता मणी. यालाच मणका म्हणतात. चेलो या पाश्चात्त्य तंतुवाद्यात हे काम खालच्या पट्टीवरचे छोटे स्क्रू करतात. त्याहून मोठ्या डबल बासला वर तारा ताणायला दात्यांची चक्रेच असल्याने ते सहसा लागत नाहीत. तंबोऱ्याची खुंटी मात्र निव्वळ लाकडावर लाकूड घासून धरते.

म्हणूनच मण्याची गरज. १० मिमी जाडीची खुंटी एक अंश फिरली तरी तार सुमारे ०.०९ मिमी ओढली जाते. पोलादी तारेवर एवढ्यानेच सूर कानाला जाणवेल इतका चढतो. इतके सूक्ष्म वळण हाताला साधत नाही. घोडीपासून तार उतरत जाते, त्यामुळे खाली तिच्या आणि तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या) मधली फट अरुंद होते. मणी खाली सरकवला की तो तिथे अडकून तार उचलतो आणि सूर चढतो. घोडीकडे आणला की उतरतो.

मणी मध्यावर ठेवून खुंटीने सूर जवळपास आणावा. फिरवताना खुंटी आत दाबत राहावे. उरलेले काम अंगठ्याने मणी सरकवून करावे. त्यानंतर जवारीचा दोरा (तार गुंजावी म्हणून तार आणि घोडी यांच्यामध्ये घालतात तो) बसवून सूर पुन्हा तपासावा, कारण दोऱ्याने तो किंचित हलतो. मणी अगदी तळाला गेला असेल तर जोर करू नये, तबलीवर ओरखडे पडतात. तो मध्यावर आणून खुंटी थोडी चढवावी.

मराठवाड्यात मण्यांवर भार जास्त पडतो. मिरजेहून आलेला तंबोरा इथल्या कोरड्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीपार गेला की, आकसतो. खुंट्या सैल होऊन घसरतात. तिथे मणी काही करू शकत नाही, खुंटीला खडूच लावावा लागतो. पावसाळ्यात उलट होते, खुंट्या फुगून अडकतात. नाथषष्ठीच्या सुमारास पैठणला दुपार तापते आणि रात्री गोदाकाठी गारवा येतो. संध्याकाळी जुळवलेला तंबोरा रात्री चढतो, कारण थंडीने तार आखडते. अशा वेळी खुंटीला हात न लावता मणी वर घ्यावा.

पूर्वी मणी हस्तिदंताचे असत, आता हाडाचे, लाकडाचे किंवा प्लास्टिकचे. वापराने तारेची खाच पडली की मणी झटक्याझटक्याने सरकतो आणि नेमक्या सुरावर थांबत नाही. असा मणी बदलावा, गंजलेल्या तारेसकट.