फणसाखालचे रंग

आमच्या गुहागरच्या आगरात फणसाच्या बुंध्याशी मी क्रोटनची सहा रोपं लावली होती, नर्सरीतून आणली तेव्हा नुसती लालपिवळी झगझगीत, आणि पावसाळा सरेपर्यंत नवीन आलेलं प्रत्येक पान हिरवं! खत कमी पडलं असेल म्हणून शेणखत घातलं तर आणखीच हिरवी. कारण होतं उन्हात. क्रोटनच्या पानातला लाल रंग अँथोसायनिनचा, तो तयार व्हायला भरपूर ऊन लागतं, सावलीत झाड त्यावर खर्च करत नाही, असेल तेवढा उजेड पकडायला हरितद्रव्य वाढवतं.

सावलीतला उजेड नुसता कमी नसतो, त्याचा रंगच वेगळा असतो. वरची पानं लाल आणि निळा उजेड खाऊन टाकतात, खाली उरतो थोडा हिरवट आणि आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल. झाडाच्या अंगात फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, ते या दोन लालांचं प्रमाण ओळखतं, आणि मुळात उन्हात वाढणारं झाड असेल तर डोक्यावर कुणीतरी आहे हे कळून ते उंच पळत सुटतं. सावलीतला झेंडू काटकुळा होऊन आडवा पडतो तो यामुळेच.

सावलीतल्या मूळच्या झाडांचं गणित वेगळं. पान रुंद आणि पातळ, रोजचा खर्च कमी, म्हणून थोड्या उजेडात भागतं. पोफळीच्या झावळ्यांमधून सरकणारे कवडसेसुद्धा त्यांच्या दिवसभराच्या कमाईत मोठा वाटा उचलतात. बिगोनियाची तर कमालच आहे, 2016 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की मलेशियातल्या एका बिगोनियाच्या हरितलवकांमध्ये, म्हणजे पानातल्या हरितद्रव्य साठवणाऱ्या सूक्ष्म कणांमध्ये, अगदी नेमक्या अंतरावर थर रचलेले असतात, त्यामुळे पान निळं चमकतं आणि कमी उजेडात प्रकाशसंश्लेषण 5 ते 10 टक्के जास्त होतं. म्हणजे ती निळाई शोभेची नाही, पोटापाण्याची आहे!

मग वर्षभर रंग हवा तर एकाच झाडाकडून मागू नका, पाळ्या लावा. पावसात कॅलॅडियम आणि कोलियसची पानं, श्रावणापासून सोनटक्का, पातोळ्यांसाठी हळद तुम्ही लावत असालच, त्याच रांगेत तो मस्त जमतो. थंडीत कोरांटी आणि जंगलातली निळी दशमुळी, पण कोरांटीला बाजूने दोन-तीन तास ऊन हवंच. अबोली पाणी दिलं तर बराच काळ फुलते. आणि कडक उन्हाळ्यात, सगळं सुकलेलं असताना, भुईचाफा! पान एकही नाही आणि जमिनीतून थेट पांढरं-जांभळं सुवासिक फूल, कारण सगळी शिदोरी कंदात साठवलेली असते, माझ्या मते आगरातलं सगळ्यात सुंदर दृश्य तेच.

फणसाच्या मुळांशी पाण्यासाठी स्पर्धा असते, त्यात जांभ्याची माती पाणी धरत नाही, तेव्हा पातेरा आणि नारळाची सोडणं जाड पसरा. क्रोटन मी विहिरीच्या काठावर हलवले, सकाळचं ऊन मिळतं, नवी पानं लाल येतायत. कॅलॅडियमची पानं दिवाळीनंतर माना टाकतात, झाड मेलं समजून उपटू नका, जागा लक्षात राहायला तिथे एक करवंटी पालथी घालून ठेवा आणि मिरगाआधी आठवणीने उचला.