बासनातल्या पोथ्या: रिद्धपूरच्या ठेव्यामागचा इतिहास

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं आणि महानुभाव मठांमधल्या जुन्या पोथ्यांचा विषय पुन्हा निघाला. काचेच्या कपाटात ठेवा, स्कॅन करा, लोकांना बघू द्या, ही मागणी रास्तच आहे. पण ज्यांनी हा ठेवा जमवला त्यांच्या डोक्यात संग्रहालय नव्हतंच.

महानुभाव पंथात भक्तीची साधनं चार मानतात: स्थान, प्रसाद, भिक्षुक (संन्यासी) आणि वासनिक (संसारी अनुयायी). यातला प्रसाद खायचा नसतो. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांचे गुरू गोविंदप्रभू अशा अवतारांचा स्पर्श ज्या वस्तूला झाला, ती वस्तू म्हणजे प्रसाद. मग ती कापडाची चिंधी असो, नाहीतर स्वामी बसले त्या जागेच्या दगडाचा तुकडा. असे तुकडे 'विशेष' म्हणून जपले, पुजले जातात. पुराणवस्तूवाला विचारेल, दगड कुठला, किती जुना? भक्ताला तो प्रश्नच पडत नाही. तिथे मोल स्पर्शाचं. आणि स्पर्श झाला ती जागाही तितकीच मोलाची. तिथे ओटे बांधले गेले, आणि कुठल्या गावी कुठे काय घडलं याची नोंद ठेवणारी 'स्थानपोथी' तयार झाली.

पोथ्यांची गोष्ट मात्र वेगळी. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि बाकीची मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी राहिली. तिथेच म्हाइंभटांनी ज्याला जे आठवत होतं ते विचारून विचारून 'लीळाचरित्र', म्हणजे स्वामींचं चरित्र, उभं केलं. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ. त्याची मूळ प्रत खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा लिहिला गेला. त्यातली एक संहिता हिराइसा या बाईच्या नावाने ओळखली जाते. बाईच्या पाठांतरावर ग्रंथ तगला, हे आपल्या वाङ्मयेतिहासात जरा ठळक सांगायला हवं होतं.

पुढे पंथाने पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला घेतल्या. सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशा कितीतरी लिप्या निघाल्या. सकळ लिपीत अक्षरं देवनागरीचीच, पण त्यांची अदलाबदल केलेली. किल्ली फक्त पंथीयांकडे. पोथी बासनात गुंडाळायची ती गुंडाळायचीच, वर कुलूपही घातलेलं! परक्याला ती हातात पडूनही वाचता येत नसे. पंजाबातल्या, पार काबूलकडच्या मठांतही मराठी पोथ्या गेल्या त्या अशाच. उरलेल्या महाराष्ट्राला मात्र कित्येक शतकं आपलंच जुनं गद्य ठाऊक नव्हतं.

हे कुलूप निघालं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. वि. ल. भावे आणि वि. का. राजवाडे या संशोधकांनी लिपी उलगडली, मग यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने यांनी पोथ्या शोधून काम पुढे नेलं. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादलेलं 'लीळाचरित्र' १९७८ साली राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापलं, तेव्हा पंथातूनच जोरदार आक्षेप आले. अभ्यासकाला ते संशोधन वाटत होतं. पंथीयांच्या लेखी आपल्या स्वामींच्या लीळा कशा छापायच्या हे बाहेरच्यांनी ठरवलं होतं.