वेदीवर लॅटिन, ओटीवर मराठी : साष्टीतल्या कॅथलिक उपासनेची पार्श्वभूमी

साष्टी बेटावरच्या ठाण्यात, उत्तनला किंवा भाईंदरला रविवारी मराठी मिस्सेला (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला) बसलेल्या तरुणाला वाटतं, हे असंच चालत आलंय. प्रत्यक्षात वेदीवरची मराठी जेमतेम साठ वर्षांची आहे. घरातली आणि क्रुसापुढची मराठी तिच्याहून कितीतरी जुनी. ख्रिस्तसभेची (चर्चची) शिकवण, देवळातली उपासना आणि घरातली श्रद्धा यांचं आपल्याकडे जे नातं आहे, ते या दोन मराठींमधल्या अंतरातून घडलं.

सुरुवात पोर्तुगीजांपासून करायची सवय आहे, पण ती चुकीची. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आणि पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. पुढे 1321 साली चीनच्या वाटेवर असलेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्याला उतरले : तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. ते इथल्या ख्रिस्ती घरात राहिले. त्या काळी ठाण्यात पूर्व सिरियन परंपरेची (पर्शियाकडून आलेल्या उपासनापद्धतीची) पंधरा ख्रिस्ती घरं होती, असं ओदोरिक या संन्याशाने नोंदवलंय. काझीपुढे उभं केल्यावर त्या चौघांनी आपली श्रद्धा सोडली नाही आणि एप्रिल महिन्यात त्यांना ठार मारण्यात आलं. त्यांचा साथीदार जॉर्डनस याने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले, आणि ओदोरिकने नंतर अस्थी थेट चीनला नेल्या. 1894 मध्ये पोप तेराव्या लिओंनी थॉमसला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून मान्यता दिली. ठाण्याच्या मातीतले हे हुतात्मे ठाणेकर कॅथलिकांनाच फारसे माहीत नसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1534 च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि त्याबरोबर साष्टीही. फ्रान्सिस्कन आणि जेझुइट संन्यासी आले, देवळं उभी राहिली. मासुंदा तलावाजवळचं संत जॉन बाप्टिस्ट यांचं चर्च त्याच शतकातल्या फ्रान्सिस्कन कार्यातून आलेलं. भाताची खाचरं कसणारे, मिठागरांत राबणारे आणि होड्या हाकणारे लोक ख्रिस्ती झाले. त्यांची बोली मराठीच राहिली, शेजारही तोच राहिला.

तिकडे युरोपात त्याच सुमारास ट्रेंटची परिषद (कॅथलिक बिशपांची मोठी सभा) चालू होती. 1562 च्या सत्रात तिने दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या. मिस्सा सरसकट लोकभाषेत करणं उचित नाही; पण धर्मगुरूंनी तिच्यातलं काही ना काही लोकांना वारंवार समजावून सांगावं. यातली पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली आणि दुसरीचा विसर पडला. वास्तविक दुसऱ्या गोष्टीमुळेच मिशनऱ्यांना इथली भाषा शिकावी लागली. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला आणि 1616 मध्ये तिथल्याच राचोलला त्याचं मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. आपल्या पुराणपरंपरेच्या ओवीत तारणाची कथा सांगता येते, हे त्याने करून दाखवलं. वेदीवर मात्र लॅटिनच.

खरी परीक्षा पुढे आली. मराठ्यांनी 1737 मध्ये ठाणे आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली वसई घेतली. परदेशी संन्यासी निघून गेले, कित्येक देवळं ओस पडली. मागे राहिले ते मोजके एतद्देशीय धर्मगुरू. काही गावांत महिनोन्महिने मिस्सा व्हायची नाही. अशा वेळी श्रद्धा कुणी धरून ठेवली? ओटीवर रात्री रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) म्हणणाऱ्या आजीने, गावाच्या वेशीवरच्या क्रुसापुढे लदीन (गाऊन म्हणायची सामूहिक प्रार्थना) गाणाऱ्या माणसांनी, मुलांना ‘आमच्या बापा’ शिकवणाऱ्या आईने. यांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. साष्टीतल्या ख्रिस्तसभेचा तो काळ मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं अधिकाराचा वाद चालला. गोव्याच्या आर्चबिशपांमागे पोर्तुगालच्या राजाचा हक्क उभा होता, तर मुंबईत 1720 पासून रोमने पाठवलेले कार्मेलाइट संन्यासी होते. साष्टीत दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या शेजारी राहत. पोप आणि पोर्तुगाल यांच्यातल्या 1886 च्या करारातून दमणचं धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) झालं, 1928 मध्ये त्यातला इथला भाग मुंबईत विलीन झाला. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इथल्या मूळ कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्यांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे त्यांना सरकारदरबारी सांगायचं होतं. 1896 नंतर प्लेगची साथ आली. देवळात गर्दी करणं धोक्याचं होतं, तेव्हा लोक उघड्यावर क्रुसापाशी जमत. मुंबई आणि साष्टीतले बरेच क्रूस त्या भयाच्या दिवसांतले आहेत. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला, झेंडूच्या माळा घातलेला क्रूस दिसला, तर त्याच्या पायथ्याचा शिलालेख जरूर वाचावा.

आता दुसरी व्हॅटिकन परिषद, ट्रेंटसारखीच बिशपांची मोठी सभा. 4 डिसेंबर 1963 रोजी तिने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. लॅटिन मोडीत न काढता लोकभाषेला वाव दिला आणि विश्वासूंनी उपासनेत जाणीवपूर्वक, सक्रिय भाग घ्यावा असं ठरवलं. पुढच्याच वर्षी 21 नोव्हेंबरला ख्रिस्तसभेविषयीचा दस्तऐवज आला. त्यात कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटलंय. आईवडील हे मुलांना श्रद्धेची ओळख करून देणारे पहिले शिक्षक, असं त्यात स्पष्ट आहे. त्यानंतर अकराच दिवसांनी, 2 डिसेंबर 1964 ला, पोप सहावे पॉल पवित्र मिस्सेच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी मुंबईत उतरले. यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस, पहिले भारतीय कार्डिनल. सहाव्या पॉल यांनी मान्य केलेला नवा मिस्सा-विधी 1969 च्या आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या आठवड्यांपासून) लागू झाला आणि हळूहळू गावागावांत ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ मराठीत ऐकू येऊ लागलं.

परिषदेने आमच्या ओटीला नवीन काही दिलं नाही. ओटीवर जे होतं, त्याला तिने मान दिला. मात्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात दुसरी बाजूही आहे. लोकभक्तीची शिफारस करताना परिषद म्हणते की ती उपासनेशी सुसंगत असावी आणि लोकांना उपासनेकडे नेणारी असावी. नोव्हेनाला (नऊ दिवसांच्या भक्तीला) रांग लागते, पण रविवारच्या मिस्सेला चुकारपणा होतो, तिथे काहीतरी उलटं झालेलं असतं. तसंच लदीनला ‘जुन्या बायकांची भक्ती’ म्हणून हिणवणारे शिकलेले लोकही शिकवणीला धरून बोलत नाहीत.

या मेळाचं आपल्याकडचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात, मग त्या मिरवत घरी नेऊन क्रुसापाशी लावतात. शेतकऱ्याचा सण आणि मिस्सेतलं अर्पण यांच्यात कुठेही सांधा दिसत नाही. ठाण्यात भातखाचरं आता उरली नाहीत, तरी सण राहिलाय, आणि तो राहायला हवा.

1970 मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहिलं. मंगळूर, गोवा, तमिळनाडू, केरळ अशा सगळीकडचे कॅथलिक तिथे आले. 1988 मध्ये केरळातल्या सिरो-मलबार रीतीचं कल्याण धर्मप्रांत निर्माण झालं. त्यांची उपासना पूर्व सिरियन परंपरेची, म्हणजे ज्या पंधरा घरांपैकी एकात ते चार हुतात्मे उतरले होते त्याच कुळातली. इतिहासाचं हे वळण नवी मुंबईच्या मुलांना प्रश्नोत्तरीच्या वर्गात शिकवायला हवं.

मराठीचा आणखी एक प्रवाह अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बाजूने आला. तिथल्या जेझुइट मिशनमधून श्रद्धा मिळालेली, हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला न चुकता जाणारी कुटुंबं कामधंद्यासाठी ठाणे-नवी मुंबईत स्थिरावली. त्यांनी भजन, टाळ आणि देशावरची मराठी सोबत आणली. साष्टीच्या लोकांची बोली वेगळी, सूर वेगळे. धर्मग्रामात (एका चर्चच्या परिसरात) मराठी मिस्सेच्या गायनवृंदात हे दोघे शेजारी उभे असतात आणि कोणतं गीत घ्यायचं यावर सरावाच्या वेळी चर्चा होते. जिथे मराठी मिस्सेची वेळ गैरसोयीच्या तासाला ढकलली जाते, तिथे धर्मग्राम समितीपुढे हे दोघे एकत्र गेले, तर मागणीला वजन येईल.