बेंच हुक आणि शूटिंग बोर्ड : वरच्या पट्टीचं टोक पाहा

सुतारी बेंचच्या कडेला अडकणारी एक फळी, तिच्या खाली एक आडपट्टी, वर एक आडपट्टी. कापताना लाकूड धरून ठेवणारा बेंच हुक म्हणजे एवढंच. लाकडाचं टोक रंध्याने काटकोनात तासायला जो शूटिंग बोर्ड वापरतात, त्यातही हेच तीन तुकडे असतात, म्हणून पुष्कळ जण दोन्ही कामांसाठी एकच फळी बनवतात. थोड्याच दिवसांत तिच्यावर ना धड कापता येतं, ना धड रंधा मारता येतो.

बेंच हुकवर करवत चालते. करवत लाकडाच्या पार जाऊन थोडी खालच्या फळीत उतरते, आणि ते अपेक्षितच आहे. बेंचला ओरखडे पडण्याऐवजी या फळीला पडावेत म्हणून तर ती असते. शूटिंग बोर्डावर रंधा आडवा, कुशीवर झोपवून चालवतात. त्याला सरळ चाल मिळते ती बोर्डाच्या कडेवरून आणि काटकोन मिळतो तो वरच्या पट्टीवरून. त्या कडेवर करवतीची एक रेघ पडली तरी रंध्याचा आधार गेला. पहिली फळी झिजवायची, दुसरी जपायची. बनवताना घ्यायचे जवळजवळ सगळे निर्णय यातूनच ठरतात.

बेंच हुकला फार विचार लागत नाही. १८ मिमी प्लायचा २५० × २०० मिमी तुकडा आणि ४० × २० मिमी कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या पुरतात. एक पट्टी आपल्याकडच्या कडेला खालून, दुसरी पलीकडच्या कडेला वरून. दोन्ही १७५ मिमी लांब ठेवा आणि डाव्या कडेशी जुळवा. उजवीकडे २५ मिमी मोकळं राहील. डावखुऱ्यांनी हेच उलट करावं. कापताना रेघ वरच्या पट्टीच्या टोकाला अगदी खेटून धरायची. मग ठेवायच्या तुकड्याला मागून आधार मिळतो आणि पाठीमागची ढलपी उडत नाही. दोन्ही पट्ट्या सारख्या असल्या की वरची बाजू झिजल्यावर फळी पुढून मागे उलटवायची, दुसरी कोरी बाजू तयार.

पट्ट्या गोंद आणि ८ मिमीच्या लाकडी खुंट्यांनी बसवाव्यात. स्क्रू लावायचेच तर पट्टीच्या करवतीकडच्या टोकापासून किमान ३० मिमी आत. पट्टी कापत कापत कधीतरी करवत स्क्रूपर्यंत पोचते, आणि दाते एकदा धातूवर आपटले की पुन्हा धार लावत बसावं लागतं. पट्टी काटकोनात आहे का याची मात्र इथे चिंता नको. काप आपण गुण्याने (काटकोन आखायच्या हत्याराने) आखलेल्या रेघेवर घेतो, पट्टीवर विसंबून नाही. अर्धा अंश इकडेतिकडे असली तरी काही बिघडत नाही.

एक अडचण मात्र नेहमी येते. ही रचना ढकलून कापणाऱ्या करवतीसाठी आहे; प्रत्येक दाबाबरोबर लाकूड पलीकडच्या पट्टीवर घट्ट बसतं. जपानी पद्धतीची ओढून कापणारी करवत वापरली तर लाकूड आपल्याकडे सरकतं आणि हुकही बेंचवरून सुटतो. त्या करवतीसाठी वरची पट्टी आपल्या बाजूला हवी आणि खालची पट्टी व्हाइसमध्ये (बेंचच्या शिकंज्यात) आवळलेली हवी. लांब दांडी कापायची असेल तर दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच जाडीचा, ६० मिमी रुंदीचा आणखी एक हुक ठेवला की पुरे.

शूटिंग बोर्डासाठी तळाला १८ मिमी प्लाय किंवा एमडीएफ घ्या, ४०० मिमी लांब आणि ३०० मिमी रुंद. त्यावर १२ मिमी जाडीची दुसरी फळी, तेवढीच लांब पण २२० मिमी रुंद, डाव्या कडेशी जुळवून गोंदाने बसवा. उजवीकडे उरलेली ८० मिमी पट्टी ही रंध्याची वाट. वरच्या फळीची उजवी कड सरळ हवी आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात २-३ मिमीचा उतार काढलेला हवा. हा उतार विसरतातच. भुसा जाऊन बसायला जागा नसेल तर तो कडेशी साचतो, रंधा बाहेर ढकलला जातो आणि दोष रंध्याला दिला जातो. सबंध लाकडाची फळी टाळावी. हवेतल्या ओलाव्याने ती फुगते-आक्रसते आणि बसवलेला काटकोन हलतो. खाली, आपल्याकडच्या कडेला, हुकसारखीच पट्टी.

आता पहिल्या वेळी प्रत्येकाला पडणारी शंका: रंधा कडेवरून चालणार, तर तो बोर्डाची कडच तासत बसणार नाही का? थोडी तासतो, मग थांबतो. ५ नंबरच्या (मध्यम लांबीच्या लोखंडी) रंध्याचा तळ सुमारे ६३ मिमी रुंद आणि पातं ५० मिमी, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ६ मिमी कोरा लोखंडी तळ उरतो. रंधा कुशीवर ठेवला की ही खालची ६ मिमी पट्टी बोर्डाच्या कडेच्या खालच्या भागाला टेकते. तिथे पातं पोचतच नाही. वरचा भाग एका सालीइतका आत गेला की तळ खालच्या भागावर टेकतो आणि कापणं आपोआप बंद होतं. म्हणून लाकूड न ठेवता आधी कड तासून घ्यायची, पातं काही कापेनासं होईपर्यंत. वरची पट्टी त्यानंतरच बसवायची. आधी बसवली तर काटकोन पुन्हा तपासावा लागतो. पातं त्यानंतर आणखी बाहेर काढलं तर कड पुन्हा तेवढी तासली जाईल, हे लक्षात असू द्या.

वरची पट्टी पलीकडच्या टोकापासून ५० मिमी अलीकडे बसवा, म्हणजे घाव पूर्ण झाल्यावरही रंध्याला वाट उरते. हुकवर पट्टी कडेच्या २५ मिमी आत थांबते; इथे ती कडेच्या केसभर बाहेर ठेवायची आणि मग रंध्यानेच कडेशी एकजीव तासून घ्यायची. लाकडाच्या टोकाचे तंतू मागे फाटू नयेत म्हणून हा शेवटच्या तंतूपर्यंतचा आधार लागतो. तासण्याआधी पट्टीच्या मागच्या कोपऱ्याला पटाशीने छोटा उतार द्या, नाहीतर ढलपी पट्टीचीच उडेल. गोंद लावू नका. दोन स्क्रू पुरे, त्यातल्या एकाचं भोक थोडं लांबट, म्हणजे पट्टी फिरवता येते. इथे स्क्रूची भीती नाही, करवत येणारच नाही. तरी पट्टीचं टोक आणि स्क्रू यांच्यात २०-२५ मिमी अंतर असावं. टोक खराब झालं की पट्टी कडेकडे सरकवून पुन्हा तासता येते.

तपासायला गुण्यापेक्षा खात्रीची रीत म्हणजे दोन तुकडे. दोन्ही सरळ कडेच्या फळ्या, १०० मिमी तरी रुंद. दोघांची टोकं बोर्डावर तासा, एक तुकडा पालथा करा आणि टोकाला टोक भिडवून दोघांच्या कडा सरळपट्टीला लावा. पट्टी चुकली असेल तर चूक दुप्पट होऊन सांध्यात फट दिसते. अशा वेळी पट्टी फिरवा, किंवा चूक अगदी थोडी असेल तर पट्टीच्या एका टोकाला मास्किंग टेपचा एक तुकडा चिकटवा.

टोक रुंदीत बरोबर पण जाडीत तिरकं येत असेल तर पट्टीला हात लावू नका. तो दोष पात्याचा: पातं एका बाजूला जास्त बाहेर आहे. पातं डावी-उजवीकडे झुकवायची रंध्याची दांडी किंचित सरकवा आणि पुन्हा पाहा. त्याआधी वाटेवर आणि लाकडाखाली भुसा नाही ना, तेही पाहा. एक साल खाली अडकली तरी टोक तिरकं होतं.

वाटेवर मेणबत्ती घासली की रंधा सुरळीत सरकतो. लाकूड जिथे ठेवतो तिथे आणि पट्टीवर मेण नको, तिथे पकड हवी. पातळ लाकूड तासताना पात्याचा एकच भाग बोथट होत राहतो. लाकडाखाली १२ मिमीचा सपाट तुकडा सरकवला की पात्याचा ताजा भाग कामाला येतो.

अडीनडीला बेंच हुकवरही टोक तासता येतं. हुकच्या उजव्या कडेशी पट्टी जुळवलेली असेल तर बेंचचाच पृष्ठभाग वाट म्हणून चालतो. पण हुक आणि रंधा यांना एकत्र बांधणारं काही नसतं, हुक जरा फिरला की टोक फिरलं. लहानशा, झाकल्या जाणाऱ्या तुकड्यासाठी ठीक, चौकटीसाठी नाही. उलट मात्र कधीच करू नये: शूटिंग बोर्डावर करवत ठेवू नका, घाई असली तरी.

दोन्ही हाताशी असतील तर क्रम ठरलेला आहे. हुकवर रेघेच्या बाहेर अर्धा ते एक मिमी ठेवून कापा. मग तुकडा बोर्डावर आणा, मागच्या कोपऱ्याला रेघेपर्यंत पटाशीने उतार द्या आणि एका वेळी केसभरच पुढे सरकवत तासा. एकदम दोन मिमी बाहेर काढला तर रंधा टोकाला धडकतो, तुकडा पट्टीवरून उचलला जातो आणि टोक गोल होतं. रेघ फुटली, म्हणजे रंधा रेघेला लागला, की थांबा.